गाठी काढायच्या, पिशवी ठेवायची

राजूर, रवि. १४ सप्टेंबर २०२५
आधी दुरुस्ती. परवा लिहिलं की डॉक्टरबाईंनी गर्भपिशवी काढायला सांगितलं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, गाठी दुर्बिणीतून काढू, पोटावर बारीक छेद, पिशवी ठेवू. रक्त आवरलंच नाही, तरच पिशवी... मला तेवढंच ऐकू आलं. (अण्णांनी शाळेआधी घरीच लिहायला शिकवलं. चूक खोडायची नाही, खाली नीट लिहायची.)

शनि. २० सप्टें.
अंगावरून जाणं थांबत नाही. परवा घट बसणार. आई म्हणते, "सणासुदीला तू अशी बाजूला. माळ कोण घालील?" वहिनीने मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या. "आमी सगळ्याच घेतो. काय हुतंय?"
डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. घेतली.

सोम. ६ ऑक्टो.
दसऱ्यापर्यंत ठीक. घटाला रोज माळ घातली, बरंही वाटलं. गोळ्या बंद केल्या आणि शनिवारी मोरीतच पडले. संगमनेरला नेलं. हिमोग्लोबिन सहा. रक्त चढवलं.
डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या कुणी सांगितल्या?" आई भिंतीकडे बघत होती. म्हटलं, मीच घेतल्या.
ऑपरेशन पुढच्या सोमवारी. बाई म्हणाल्या, आता लांबवू नका.

शुक्र. १० ऑक्टो.
आईने मला न विचारता हॉस्पिटलला फोन केला, दिवाळीनंतर बघू म्हणून. रविवारी मला बघायला पाहुणे येताहेत.
आत्या: "पोटाला भोकं पाडलेली पोर कोन करून घेईल?"
मी: "आणि पिशवीच गेली तर?"
आत्या अण्णांना: "दादा, लई शिकवलीस रे हिला!"
अण्णा उठून गोठ्याकडे गेले.
पुन्हा सुरू झालंय. आईला सांगितलेलं नाही.

शनि. ११ ऑक्टो.
उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. हॉस्पिटलला फोन केला. माझी सोमवारची जागा अजून आहे. सही माझी चालते, सोबत घरचं कुणीतरी हवं. पिशवी नक्की राहील का? "आधी पोटात बघू दे," एवढंच.
उद्या पाहुण्यांपुढं पोहे घेऊन जाईन, आईच्या समाधानासाठी. नाही, खरं लिहायचं तर भीतीने.
गोठ्यात जाऊन अण्णांना म्हटलं, तुम्ही चला. म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता म्हणाले, "आईला विचार."
"आता नाही विचारणार."
सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळची पहिली संगमनेर गाडी. अण्णा आले नाहीत तरी.