सातवी फ्लॉपी माझ्या खिशात

मृणाली गो,

धाटावला दुपारच्या शिफ्टला चाललो. जुन्या कंप्युटरातलं विंडोज आणि तुझा लग्नपत्रिकांचा प्रोग्राम नव्यात घालायला तो रोह्याचा धनेश आजपण येईल. काल त्याला पोह्याचे पापड तळून दिलेस, वर त्याच्याशी खिदळत होतीस. मला साधा चहापण विचारला नाय!

म्हणून विंडोजची सातवी फ्लॉपी खिशात घालून नेतोय. सहा घालून झाल्या की कंप्युटर सातवी मागत बसेल. तेव्हा धनेशचं तोंड बघून घे आणि त्याला वाटेला लाव. पापड नाय द्यायचे!

उद्या रजा टाकलीय. उरलेल्या फ्लॉप्या मी घालतो. मला यातलं काय येत नाय, तू शेजारी बसून सांग. चुकलो तर काल हसलीस तशीच हस.

जगन