टेपचं दुमडलेलं टोक

बारामती,
मंगळवार, दुपार

प्रिय स्वरूपा,

ओव्हनच्या खालचा चुऱ्याचा ट्रे साफ कर, हा माझा निरोप अविराज दाजींनी तुला दिला असेल. दिला नसेल तरी तू तो ट्रे ओढणारच, तुझी टापटीप मला ठाऊक आहे. तर आधी हे पत्र पदराआड कर आणि गोठ्यामागं जाऊन वाच. फोनच केला असता, पण तुझा फोन वाजला की दाजी तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतात, हे मी दिवाळीतच पाहिलंय. वाचून झालं की चुलीत घाल.

काल सकाळी दाजी ओव्हन मोटारसायकलला बांधून दुकानात आले. "ताई, लावला की घरातली समदी लाईट जाती बघा. इंदापुरात दोघांनी हात टेकलं. ही म्हणती भंगारात टाका. म्हणलं कशाला, आपलंच दुकान हाय की बारामतीत!" वर हक्कानं चहा मागून घेतला. सकाळी धारा काढून, पाय धुऊन आले की हल्ली पाव ते स्वतःच भाजतात म्हणे. तुमच्या हातचा खरपूस होतो, असं तूच गेल्या आठवड्यात त्यांना सांगितलंस. सांगताना खूश होते. मीही हसले. ओव्हन उघडेपर्यंत हसायला काय जातंय?

मला आधी साधाच बिघाड वाटला. त्यात असतं काय, रॉड, थर्मोस्टॅट, टायमर. ओल शिरून रॉड गेला की असंच होतं. मीटर लावून पाहिलं तर रॉड ठणठणीत, टायमरही चांगला, आणि बाहेरच्या पत्र्यात मात्र सरळ करंट. म्हटलं उंदरानं वायर कुरतडली असणार. मागचं झाकण काढलं. उंदराचं काम नव्हतं ते. जिथं वायर असायलाच नको तिथं एक वायर होती, आणि ती सुटून लागली नव्हती, बांधून लावली होती. ओल्या पायांनी त्या पत्र्याला हात लावणारा माणूस परत उठला नसता.

जोडाचा पीळ उलटा होता. आयटीआयमध्ये सगळ्या बॅचचा पीळ उजवीकडं आणि एकट्या डावखुऱ्या स्वरूपाचा डावीकडं, झुंबर सर ओरडून ओरडून दमले होते. आणि टेपचं शेवटचं टोक दुमडलेलं. पुढं जो कारागीर उघडेल त्याला नख लावायला जागा ठेवा, तोही माणूसच आहे, असं सर सांगायचे. आम्ही सगळ्यांनी ते परीक्षेपुरतं केलं आणि विसरलो. तू कधीच सोडलं नाहीस. अगं, पण असलं काम करतानाही? त्या टोकाला नख लावलं आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून दिला. बाबा शेजारीच मिक्सर खोलून बसले होते. त्यांना म्हटलं, जरा चक्कर आली.

मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. एवढी कशी वेडी झालीस, असं तोंडावर विचारणार होते. मग ओव्हनमधली जाळी घासायला घेतली. दिवाळीत आमच्याकडं आलीस तेव्हा केस बांधताना तुझ्या मानेखाली तीन आडव्या रेघा दिसल्या होत्या. केक काढताना भाजलं म्हणालीस आणि मी मान डोलावली. पाठीनं केक कोण काढतं, स्वरूपा? काल त्या जाळीच्या सळ्यांवर मी बोटं ठेवून बघितली. अंतर तेच. तेव्हा मी मान डोलावली याची मला आज लाज वाटते. यापुढं त्याला दाजी म्हणणं मला जमायचं नाही.

लाईट का जाते, याचा तू अजून विचार करत असशील. तू माहेरी पणदऱ्याला होतीस तेव्हा त्यानं गोठ्यात दूध काढायचं मशीन बसवलं, हे काल त्याच्याच तोंडून कळलं. गाईंना शॉक बसू नये म्हणून बसवणाऱ्यानं मेन बोर्डात एक स्विच टाकला. करंट कुठं गळायला लागला की तो आपोआप पडतो. गाईंसाठी केलेल्या सोयीनं तुझा नवरा वाचला. तुला हे सांगावं असं त्याच्या मनातही आलं नसेल.

तुझा जोड मी सोडलाय. दोन्ही रॉड काढून घेतलेत आणि जाळी माझ्याकडंच ठेवलीय, नवी मागवलीय असं त्याला सांगेन. ओव्हनच ठेवून घेतला असता, पण मग हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचलं असतं? गुरुवारी रॉड बसवायच्या निमित्तानं मी आणि बाबा पिकअप घेऊन तुमच्या शेळगावला येतोय. आधार कार्ड आणि आयटीआयचं सर्टिफिकेट पिशवीत भरून ठेव. बाबांना सगळं सांगितलंय, त्या वायरीचं सोडून. दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे आणि काम तर एवढं पडलंय की मला एकटीला उरकत नाही. पोलिसात जायचं की नाही ते तू ठरव. मी सोबत असेन.

आता हे लिहायला का बसले ते सांगते. तो आलाय, समोरच्या टपरीवर चहा पितोय. आल्या आल्या त्यानं विचारलं, "ताई, त्यो गोठ्याचा नवा स्विचच बाद असंल. काढून टाकू का?" तोवर तुझा जोड मी सोडला नव्हता, स्वरूपा. तो तसाच माझ्यापुढं टेबलावर होता. 'काढा' एवढंच म्हणायचं आणि झाकण लावून ओव्हन त्याच्या हातात द्यायचा. झाकण मी हातात घेतलंही होतं, ते परत खाली ठेवलं. मग म्हटलं, नका काढू. तर तो हसला. "बरं, घरी हिलाच इचारतो. ती बी हेच शिकलीय की." म्हणजे आज संध्याकाळी तो तुला विचारणार. आणि वायर परत बांधायला तुला दहा मिनिटं पुरतात, हे मला माहीत आहे. त्याचा जीव वाचावा म्हणून मी हे लिहीत नाही, खोटं कशाला बोलू. तुला भेटायला मला जेलच्या दारात उभं राहायचं नाही. विचारलं की नाही म्हण. मला जड गेलं, तुला त्याहून जड जाईल. तरी नाही म्हण.

तुझीच,
प्रियदर्शनी