काकूंना कळता कामा नये

सर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, पोरगी वयाने तरी शहाणी झाली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की धुळ्यात तुमच्या गल्लीत तुमचं नाव घेतलं तर पोरं उलट मलाच विचारतात, कोण सर? मी स्वतः शाळेतून निवृत्त झाले. गुडघे दुखतात, चष्मा जाड झाला, पण तुम्ही लावलेलं खूळ काही सुटत नाही. फक्त आता ते कागदावर चालत नाही. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं, असा सगळा उघडा कारभार. तुम्ही असता तर आधी कपाळाला हात लावला असता आणि दुसऱ्या दिवसापासून आंघोळीआधीच तिथे जाऊन बसला असता. तिथे मी जपानी कार्टून सिनेमांच्या नोंदी सांभाळते. हो, तेच. रक्ताच्या चिळकांड्या उडणारे. हल्लीची पोरं त्यांना अ‍ॅनिमे म्हणतात. माझ्या वयाच्या बायका भजनी मंडळात जातात आणि मी कुठल्या भागात कोण कोणाचं मुंडकं उडवतं ते शांतपणे लिहून ठेवते. हसा, हसा.

तुमचा तो बालकोश. नव्वद सालानंतरची वर्षं. बाहेरच्या खोलीत पुस्तकांमुळे माणसाला जागा नव्हती, म्हणून रविवारचं वाचन तुमच्या स्वयंपाकघरात व्हायचं. काकू डाळीचे फुनके वाफवताहेत, कढीला फोडणी बसते आहे, सगळ्यांना ठसका लागला आहे, आणि आम्ही मास्तर-मास्तरणी पाटावर बसून आपापल्या नोंदी आळीपाळीने वाचतो आहोत. वाचून झालं की तुम्ही काकूंकडे मान वळवून विचारायचात, "काय हो, लिहिणाऱ्याला ही गोष्ट आवडते की नाही, सांगा बरं." काकूंनी ओळखलं की नोंद नापास, घरी न्यायची आणि पुन्हा लिहायची. आमचे गणिताचे मास्तर सापावरची नोंद किती ऐटीत वाचत होते! काकू कढी ढवळता ढवळता म्हणाल्या, "हाऊ मास्तर सापले घाबरस." मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काकूंना तुमच्या कोशाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना माणसं ओळखायची हौस होती आणि तुम्ही ती कामाला लावली होती.

'जपानी कार्टून सिनेमे' ही नोंद तुम्ही यादीत घातली तेव्हा सगळे हसले. तुम्ही म्हणालात, पोरं जे पाहतात ते पोरांच्या कोशात नको तर कुठे? मी हात वर केला. का केला ते तुम्हाला माहीत होतं. जळगावला माझ्या धाकट्या भावाने वर्गातल्या एका मुलाला सायकलच्या चेनने मारलं होतं आणि त्या मुलाचा डोळा गेला होता. भाऊ रिमांड होममध्ये होता. आमचे वडील लवकर गेले, आई दवाखान्यात आया, मी धुळ्यात नोकरीला. म्हणजे पोराकडे बघणारं घरात कोणी नव्हतंच. तो शाळा बुडवून स्टँडमागच्या व्हिडिओ सेंटरमध्ये बसायचा. तिथे सुरतेहून आलेली एक कॅसेट होती, त्यात एक पोरगा साखळीने माणसं मारतो. साखळीने! मला आणखी काय पुरावा हवा होता? आई रोज एकच विचारायची, "माझं पोर असं नव्हतं गं, कोणी बिघडवलं?" मला तिला देण्यासाठी उत्तर हवं होतं, आणि ते छापील हवं होतं. छापलेलं खोटं नसतं असं मानणारी बाई होती ती.

माझी पहिली नोंद मी दात-ओठ खातच वाचली. 'विकृत', 'किळसवाणे', 'पालकांनी सावध राहावे', सगळं ठासून भरलेलं. काकूंना विचारायचीसुद्धा गरज नव्हती. तरी त्या उठून माझ्याजवळ आल्या, पिठाचा हात पदराला पुसला आणि हळूच म्हणाल्या, "तुना पोटमा राग शे, पोरी." मला रडूच फुटलं. तुम्ही मात्र कागद माझ्याकडे सरकवून म्हणालात, "ही तुझ्या भावाची नोंद झाली. मी सिनेमाची मागितली होती." सर, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सगळ्यांदेखत! पुढच्या खेपेला मी विशेषणं काढली, पण मारामारीची वर्णनं अशी मांडली की वाचणाऱ्याला शिसारी यावी. काकू म्हणाल्या, "आजूनबी शे." मग तुम्ही विचारलंत, "तू हा सिनेमा पाहिलास?" नव्हता पाहिला. कशाला पाहू? ज्याने घर जाळलं त्याला जेवायला बोलवायचं का, असं मी फाडकन बोलले. तुम्ही शांतपणे टोपी घातलीत आणि म्हणालात, चल.

त्या दिवशीची आपली एसटी मला नीट आठवते. पारोळ्याला तुम्ही केळी घेतलीत, मी खाल्ली नाहीत, तुम्ही निवांत सगळी संपवलीत. जळगावच्या त्या व्हिडिओ सेंटरमध्ये बिडीचा वास, फाटक्या सतरंजीवर पोरं, आणि मधोमध धोतर-टोपीतले तुम्ही. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग तुम्हाला विसरली. तुम्ही चालवणाऱ्याला दोनदा थांबवून विचारलंत, "जरा मागे घेता का भाऊ, त्या मुलाच्या हातात नेमकं काय होतं?" मी जमिनीकडे बघत बसले होते. तुम्ही कोपराने ढोसलंत, "वर बघ. लिहायचंय तुला." बघितलं. साखळी, रक्त, पडणारी माणसं. आणि मग, सगळी मारून झाल्यावर, तो पोरगा एका पडक्या घरात चुलीवर भात शिजवत बसतो. कोणी येत नाही. भात करपतो, तरी तो बसलेला. हेही त्यातच होतं आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर आपण उसाचा रस घेतला. तुमच्या हातातला ग्लास इतका थरथरत होता की रस धोतरावर सांडला. मी विचारलं, "सर, कसा वाटला?" तुम्ही म्हणालात, "माझ्या वाटण्याचं काय लोणचं घालणार आहेस? काय दिसलं ते सांग." आणि मी दिसलं तसं, भातासकट, परतीच्या एसटीत लिहिलं.

ती नोंद वाचली तेव्हा काकूंनी कढी उतरवली आणि माझा चेहरा न्याहाळला. मग म्हणाल्या, "नही बा. हाई कोनी लिखं, माले काय समजनं नही." तुम्ही "वा!" म्हणालात. पाठीवर थाप मारलीत. सगळ्यांनी फुनके खाल्ले आणि मी ताट तसंच सरकवलं. पास झाले होते आणि आईला द्यायला हातात काहीच उरलं नव्हतं. कोश छापून आला तेव्हा तिने ती नोंद मला दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, "यात ते कुठे आहे?" मी म्हटलं, कोशात तसं लिहीत नाहीत. ती म्हणाली, "मग कशाला लिहितात?" आणि भाकरी थापायला उठली. तिला काय सांगणार होते? आज तुम्हाला विचारते, काय सांगायला हवं होतं?

भाऊ सुटून घरी आला तेव्हा त्यानेही ती नोंद वाचली. भिंतीला टेकून, ओठ हलवत. मला म्हणाला, "अक्का, तुला कळलं ना? भाताचं तू लिहिलंस." किती दिवसांनी पोरगं माझ्या डोळ्यांत बघून बोलत होतं. तोवर त्याला वाटायचं, मी फक्त त्याला शिव्या द्यायला येते. मग त्याने ते सांगितलं, जे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्याचा डोळा गेला तो मुलगा वर्गात आमच्या आईबद्दल घाण बोलला होता, तिच्या रात्रपाळीवरून. मी लगेच म्हटलं, म्हणजे सिनेमाचा काही संबंध नव्हता! माझ्या आवाजात आनंदच होता म्हणा ना. तो म्हणाला, "नाही अक्का. मारताना तो पिक्चरच दिसत होता. हात तसाच फिरवला मी." सर, आता यातलं काय उचलू आणि काय टाकू? दोन्ही त्यानेच सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. आज तो रावेरला केळीच्या गाड्या भरून घेतो, संसारी माणूस आहे, घरात टीव्ही लागला की उठून अंगणात जातो. ज्याचा डोळा गेला त्याचं बसस्टँडजवळ दुकान आहे. मी जळगावला गेले की दुसऱ्या रस्त्याने जाते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या महिन्यात माझ्या एका नोंदीत, नव्या एका सिनेमाच्या, कोणीतरी शेवटी वाक्य घातलं: 'कृपा करून मुलांना हे दाखवू नका, माझा मुलगा यापायी गेला.' गेला म्हणजे घर सोडून गेला की जगातून गेला, तेही लिहिलेलं नाही. मी ते काढलं. वैयक्तिक मत कोशात राहत नाही, हे मी नवीन पोरांना रोज शिकवते. दुसऱ्या दिवशी वाक्य परत आलं. परत काढलं. मग नोंदीला जोडलेल्या चर्चेच्या पानावर ते वाक्य घालणाऱ्या बाईचा मजकूर आला. शिरपूरकडची आहे एवढंच तिने लिहिलेलं, मोबाइलवर एका बोटाने लिहीत असावी, काना-मात्रा सगळ्या तुटलेल्या. 'ताई तुम्ही का काढता.' मी आमचा ठरलेला मजकूर डकवला, की विधानाला विश्वसनीय संदर्भ द्यावा. संदर्भ! आईकडे! तिचं उत्तर आलं: 'मी त्याची आई आहे. अजून कोणाचा आणू.'

मी खूप लिहिलं त्याच्याखाली. माझ्या भावाचं, आईचं, करपलेल्या भाताचं. की बाई, तुझं खरंही असेल आणि नसेलही, मला आयुष्यभर कळलेलं नाही. सगळं पुसलं. ते माझं वैयक्तिक होतं ना! शेवटी दोन ओळी लिहिल्या: स्वतःचा अनुभव हा संदर्भ धरला जात नाही, क्षमस्व. नियमात अगदी बरोबर बसतं. तुम्हीही हेच लिहिलं असतं, आणि कदाचित तुमचाही हात थरथरला असता, पण त्या बाईला ते कुठून दिसणार? तिचा नंबर माझ्याकडे नाही, नाव नाही, गाव नेमकं कुठलं ते नाही.

त्यानंतर तिने काही लिहिलेलं नाही. नोंद आता स्वच्छ आहे, कोणालाही बोट ठेवायला जागा नाही. हे पत्र टाकणार तरी कुठल्या पत्त्यावर, तेव्हा राहू दे इथेच, माझ्याजवळ. एवढं मात्र तुम्हालाच सांगते, त्या कोशावरच्या पोरांना सांगणार नाही. मी सकाळी उठले की चहाच्या आधी ती नोंद उघडते आणि थेट खाली जाते. तिने ते वाक्य परत घातलं असेल, या आशेने.