मिटलेले डोळे

पेण, १२ जुलै २०२१

वनिताताई,

करोनात आमचे कला-उपचाराचे वर्ग बंद पडले, म्हणून संस्थेने तुम्हाला रोह्याला शाडूची माती पाठवली आणि आपण फोनवर बोलू लागलो. तुम्ही तुमच्या गेलेल्या नवऱ्याचा चेहरा घडवलात. सासूबाईंना तो बघवेना, म्हणून माझ्याकडे ठेवायला दिलात. डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे होते. मी मूर्तिकाराची मुलगी. काम अर्धं राहिलंय असं वाटून तुम्हाला न विचारता डोळे रंगवले, आणि त्याला मदत समजले.

आज फोनवर तुम्ही म्हणालात, "मॅडम, त्यांना दवाखान्यातनं गुंडाळूनच नेलं. तोंड पण बघायला नाय मिळालं. म्हणून मातीत तरी मीच त्यांचे डोळे मिटले. उद्या न्यायला येते."

मी फक्त "या" म्हणाले.

तेव्हापासून ओला बोळा हातात घेऊन घरात येरझाऱ्या घालते आहे. माती कच्ची आहे; डोळे पुसायला गेले तर चेहराही जाईल. गुपचूप दुसरा करून ठेवायचंही मनात आलं, पण याच्या गालावर तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे.

हे पत्र पाठवून मोकळी होणार नाही, तोंडावर सांगेन. त्या डोळ्यांवर पुन्हा पापण्या चढवता येतील एवढी माती तुमच्यासाठी भिजवून ठेवली आहे. तिला मी हात लावणार नाही.

सुलक्षणा