अठरा आधार कार्डं आणि एक ऑफिसर

२ डिसेंबर, सोमवार
आजपासून मी कापसाच्या जिनिंगचा कम्प्लायन्स ऑफिसर, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणारा. पगार तोच, पण गळ्यात ओळखपत्र. आपल्या रुईचं पुढे कापड होतं, शर्ट होतात आणि ते परदेशातल्या एका मोठ्या दुकानवाल्या कंपनीत विकले जातात. त्या कंपनीला हमी पाहिजे की इथे कोणी वेठबिगार नाही. तेरा तारखेला त्यांच्या मॅडम तपासायला येणार. मालक किसनराव म्हणाले, "शिवम, तुहं अक्षर चांगलं आहे, तूच पाह्य." इंग्रजी पीडीएफ पन्नास पानांची. अर्धी समजली. तेवढी पुरे.

३ डिसेंबर
पीडीएफमध्ये 'ओळखपत्र' हा शब्द चौदा वेळा. म्हणजे फार महत्त्वाचा. कापसातला कचरा वेचणाऱ्या अठरा बायांची मूळ आधार कार्डं गोळा करून लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली करदोट्याला. बायांकडे कार्डं हरवतात, भिजतात. बनाबाई म्हणाल्या, "काऊन रे, आमी का पळून जाऊन राह्यलो?" गैरसमज. समजावलं.

४ डिसेंबर
तक्रारपेटी लावली. चोरी होऊ नये म्हणून मालकांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीमागे. संध्याकाळपर्यंत तक्रारी: शून्य. कामगार समाधानी.

७ डिसेंबर
'तुम्ही स्वतंत्र आहात' हे प्रशिक्षण घेतलं. हजेरी सक्तीची. चौघी मधेच उठल्या, म्हणून चौकीदार शालिग्रामकाकांना गेट लावायला सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "सोतंत्र हाओत तं गेट उघड ना बे!" शिस्त नाही.

१० डिसेंबर
धम्मशीला आली. बनाबाईंची भाची, त्यांच्यासोबतच कचरा वेचते, बारावी पास. बुलढाण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागलाय. शुक्रवारी पाचच्या आत मूळ आधार दाखवलं नाही तर जागा दुसरीला. अभिनंदन केलं, फॉर्म दिला. कार्ड परत घ्यायचे नियम मीच केलेत : अर्ज, मालकांची सही, ओळखीचा पुरावा. पुरावा म्हणून काय चालेल, तिने विचारलं. आधार, म्हटलं. तिने कपाटाकडे बोट दाखवलं. "शिवमभाऊ, थे तं तुमच्याच कपाटात आहे न."
मुद्दा बरोबर. पण एकीसाठी नियम मोडला की सगळ्यांसाठी मोडावा लागतो. उद्या नक्की तोडगा.

११ डिसेंबर
तोडगा : कार्डाची झेरॉक्स, वर माझी सही आणि हुद्दा. कॉलेजने तिला परत पाठवलं. कॉलेजचे नियम फारच जाचक. मालक अकोल्याला, त्यामुळे त्यांचीही सही नाही.

१२ डिसेंबर
शालिग्रामकाका म्हणाले, "देऊन टाक ना लेका पोरीचं कार्ड. तुह्या बापाचं काय जाते?" त्यांना जबाबदारी कळत नाही. उद्या मॅडमनी मोजली आणि सतराच निघाली तर? जेवलो नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार
मॅडम आल्या. फाइल पाहून खूश वाटल्या. म्हणून मी स्वतःहून कपाट उघडलं आणि अठराही कार्डं टेबलावर मांडली. ही तुमच्याकडे का, मॅडमनी विचारलं. सुरक्षिततेसाठी, म्हटलं. कोणी परत मागितलं तर? नियमांचा कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, मला बाहेर उभं केलं आणि बायांना एकेक करून आत बोलावलं.
साडेतीनला धम्मशीला कार्ड घेऊन धावतच बाहेर आली. मॅडमनी तिला आपल्याच गाडीत बसवून नेलं.
जाताना अहवालाचा कागद दिला : 'ओळखपत्रे अडवून ठेवली. जबाबदार : कम्प्लायन्स ऑफिसर.' मालक म्हणाले, "मले तं याच्यातलं काहीच मालूम नाही." पूर्ण अहवालात नाव फक्त माझं.

१४ डिसेंबर
उरलेली सतरा कार्डं वाटली. पोच मागितली. कोणीही सही केली नाही.

१६ डिसेंबर, सोमवार
बनाबाई गेटबाहेरूनच ओरडल्या की पोरीचं ॲडमिशन झालं. आत आल्या नाहीत. बाकीच्या बायाही त्यांच्यामागे शेजारच्या जिनिंगला चालल्या. "तिथं कार्ड मांगत नाहीत अन् भाषण बी देत नाहीत," म्हणाल्या.
मॅडमनी अहवालासोबत दिलेला सुधारणा फॉर्म भरायला घेतला. शेवटचा प्रश्न : सध्या इच्छेविरुद्ध काम करणाऱ्या व्यक्ती किती? शेड फिरून नीट तपासली. कोणीच नव्हतं. 'शून्य' लिहिलं. इतकं स्वच्छ उत्तर जिल्ह्यात कोणाचं नसेल.
तेवढ्यात मालक आले. "बाया भेटेस्तोर कचरा तूच वेच. अन् थे वेचल्याबिगर घरी जायचं नाही." गेट लावलं.
'शून्य' खोडून 'एक' केलं. खाडाखोड झाली, म्हणून बाजूला सही केली.