गावदेवाचा नारळ

रविवार, सायंकाळ. मांजर्ली.

आजच्या निसर्गफेरीत डोंगररांग, जलाशय, पाणपक्षी यांचे नाते मोठ्या उत्साहाने समजावले. पाण्यात काहीही टाकू नये, हा नियम दोनदा सांगितला. तरीही गटातल्या वृद्ध सखूबाई नारळ घेऊन पाण्याकडे वाकल्या. मी तो हातातून काढूनच घेतला.

"गुरुजी, कचरा नाय हो. आमचं गाव धरणात गेलं, गावदेव खालीच हाय. वर्साचा नारळ त्याचा."

मी तरीही नियमच सांगत राहिलो. का?

त्या हसल्या. "ठेवा तुमीच. देव उपाशी ऱ्हायला, तर त्याला पन नियम समजवा."

नारळ आता माझ्या टेबलावर आहे. हलवला की आतले पाणी वाजते. तीनदा हलवून पाहिला.