रकाना क्रमांक सात

बुधवार, १२ जून

ती. ताईस,
सा. नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तूही बरी असशील, कारण माझं मागचं पत्र तू तपासून परत पाठवलंस. एकोणीस चुका, लाल शाईत. उत्तर मात्र एका ओळीचंही नाही. हे पत्र जपून लिहितोय.

आधी ऑफिसच्या बातम्या. नगरपालिकेचं पाळणाघर एकदाचं उघडलं. वीस पाळणे, तीन सांभाळणाऱ्या बाया. अर्ज आले एकशे साठ, मंजूर झाला एक. सफाई मुकादमाचा मुलगा. घरात बाप आणि तो, दोघंच. पंधरा दिवस त्या पोराचे पाय जमिनीला लागले नाहीत. तिघी आळीपाळीनं कडेवर घेतात, तिघी भरवतात. मुकादम म्हणाला, "साहेब, पोरगं चालायचं विसरलं."

मोठे साहेब भडकले. "बाकीचे एकशे एकोणसाठ नामंजूर का?"

"सर, रकाना क्रमांक सात."

"कुणी घातला तो?"

मी छताकडे बघू लागलो. सात नंबरला लिहिलं होतं : घरात मोकळी व्यक्ती आहे का? असल्यास नाते. लोकांनी खुशाल लिहिलं : सासू, आत्या, मावशी, काकू. मोकळी व्यक्ती असली की अर्ज बाद, असा नियम. तोही मीच लिहिलेला.

मग त्या मोकळ्या व्यक्तीच ऑफिसात आल्या. पुढे एका बस कंडक्टरची सासू, गळ्यात शिवणकामाची टेप.

"मला मोकळी कुणी ठरवलं?"

"आजी, तुमच्या जावयानं लिहिलंय."

"बोलवा त्याला. त्यालाच मोकळा करते!"

ऑफिस हसलं. मीही हसलो, पण जरा कमी.

आता ते सांगतो. तू गेलीस तेव्हा घरी मी सांगितलं, "तिला तिकडे काम निघालं." आमच्या पोरीच्या, म्हणजे भोंग्याच्या आईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. ती सकाळी सातच्या पाळीला हॉस्पिटलात जाते, तिला नाडी बघायची सवय आहे. खरं काय झालं ते तुला माहीत आहे आणि मला. भोंग्याचा अर्ज मी तुझ्याकडे दिला तो शुद्धलेखन बघायला. सातव्या रकान्यात माझ्या अक्षरात होतं : बहीण. घरीच असते. तू 'असते'ची मात्रा तपासलीस, पेन बंद केलंस आणि बॅग भरलीस.

गेल्या आठवड्यातल्या सभेत रकाना काढायचा ठराव आला. साहेब म्हणाले, "एखादं उदाहरण द्या." मी माझाच अर्ज वाचून दाखवला. म्हणालो, "ही मोकळी व्यक्ती रोज चाळीस पानांची प्रूफं तपासत होती. त्यातली निम्मी, मांडीवर माझी मुलगी असताना. दोन वर्षं मी तिला एकदाही विचारलं नाही."

कुणी हसलं नाही. कंडक्टरची सासू मागच्या बाकावरून म्हणाली, "लिहून घ्या हो, तो खरं बोलतोय तोवर." रकाना गेला. वेळही दहाऐवजी सकाळी साडेसहापासून केली, आणि जुन्या भांडारघरात आणखी तीस पाळणे बसले.

चिठ्ठ्या टाकल्या, त्यात भोंग्याचा नंबर लागला. सोमवारपासून जाते. पहिल्या दिवशी तिनं असा सूर लावला की पलीकडच्या जन्म-मृत्यू नोंदणीतले लोक बाहेर आले. दुसऱ्या दिवशी मला टाटा करायलाही विसरली.

तेव्हा ताई, तुझ्यावाचून आमचं आता काही अडत नाही. हे वाक्य वाईट दिसतं हे मला कळतं, पण खोडू नकोस. अडलेलं असताना ये म्हणालो असतो तर तू ओळखलं असतंस की मला सांभाळणारी हवी आहे. आता मुलीची सोय झाली आहे आणि तरी संध्याकाळी घरात शिरलो की तुझ्या खोलीचं दार ढकलून बघतो.

पानांचे गठ्ठे घेऊन ये. आठवडा राहा, वर्ष राहा, पुढच्या गाडीनं परत जा. येशील का? या वेळी विचारतोय.

तुझा,
धाकटा